एक नळ, अडतीस तक्रारी

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
पाणीपुरवठा विभाग,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : शाळेचे न सापडलेले सदतीस नळ शोधण्याचे थांबवून, सापडलेला एक नळ सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी खाली सही करणार, सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो. आपल्या कार्यालयाला झालेल्या त्रासाचे मूळ मीच आहे हे सुरुवातीलाच कबूल करतो, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला राग आवरणे सोपे जाईल.

१. सातवीच्या पुस्तकात 'जगातील मुले आणि शुद्ध पाणी' असा धडा आहे. ज्या देशांतल्या मुलांना स्वच्छ पाणी मिळत नाही, ते देश त्यातल्या नकाशात लाल रंगवले आहेत. धड्याखाली उपक्रम आहे : 'आपल्या शाळेतील पाण्याचा नमुना तपासा व जे आढळेल ते संबंधित अधिकाऱ्यांना पत्राने कळवा. (गुण दहा)'. वर्गात मुले अडतीस. एकानेच पत्र लिहिले तर बाकीच्यांना गुण कशाचे द्यायचे? म्हणून मी प्रत्येकाकडून स्वतंत्र पत्र लिहून घेतले, शुद्धलेखन तपासले आणि सगळी पत्रे एकाच दिवशी पेटीत टाकली. पाणी पिवळसर आहे व तळाशी गाळ बसतो, एवढेच त्यांत होते. उत्तर येईल अशी मुलांची समजूत होती. ती मीच करून दिली होती.

२. उत्तर आले नाही, तपासनीस आले. आपल्याकडे प्रत्येक पत्राला वेगळा क्रमांक पडतो आणि प्रत्येक क्रमांकाला एक नळ लागतो, हे मला ठाऊक नव्हते. तपासनीस सज्जन गृहस्थ. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली, गच्ची पाहिली, मुख्याध्यापिकाबाईंचे कपाट सरकवून मागची भिंत पाहिली. शेवटी म्हणाले, "सर, माझ्याकडे तक्रारी अडतीस. नळ दिसतोय एकच. बाकीचे कुठे लपवलेत?" मी म्हटले, "साहेब, अडतीस मुलं आहेत. नळ एकच आहे." त्यावर ते हळहळले. म्हणाले, "मुलांचा रकाना फॉर्ममध्ये नाही हो."

३. त्यानंतर सदतीस अनधिकृत नळजोडण्यांचा ठपका ठेवून, त्या सापडेपर्यंत असलेला नळही बंद करण्यात आला. त्याला आज पाच आठवडे झाले. चावीवर आपले लाखेचे सील आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही. मात्र पहिलीतली मुले लहान आहेत. ती सवयीने नळाखाली ओंजळ धरतात, थोडा वेळ थांबतात आणि तशीच वर्गात परततात.

४. सातवीची मुले समोरच्या गॅरेजमधून बादल्या भरून आणतात. 'लांबून पाणी वाहून आणण्याचा अनुभव घ्या' हा धड्यातला पुढचा उपक्रम होता. तो आपोआप पार पडला, याबद्दल विभागाचे आभार. गॅरेजवाले काका परवा म्हणाले, "मास्तर, गाड्या धुवायचं पाणी आहे हे. पोरांना पाजू नका बाबा." भिंतीवरच्या नकाशात आपला देश पांढरा आहे. त्यावर कोणीतरी लाल पेनाने एक ठिपका दिला आहे. कोणी दिला याचा शोध मी घेतलेला नाही.

५. आपल्या कार्यालयात मी चार वेळा येऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी चौथ्या वेळी उपाय सांगितला. अडतीसही जणांनी 'पाणी स्वच्छ होते, तक्रार चुकून केली' असे लिहून दिले, की क्रमांक बंद आणि नळ चालू. मी तो मजकूर फळ्यावर लिहिला. माझे अक्षर एरवी चांगले येते. मुलांनी तो उतरवून घेतला. दुसऱ्या बाकावरची मुलगी तेवढी उठली.

"सर, दहा मार्क कशाचे? आधीच्या पत्राचे, की ह्याचे?"

मी म्हटले, "बाळ, सही कर. पहिलीच्या मुलांना पाणी पाहिजे ना?"

"मलाही पाहिजे, सर. पण मी बघितलंय ना ते पाणी." मग जरा विचार करून म्हणाली, "बाकीच्यांची पत्रं देऊन टाका. मग नळ एक, तक्रार एक. आता तरी जुळेल त्यांचं."

६. महोदय, तिच्यावर रागावता आले नाही, आणि आपल्यावर रागावणे माझ्या अधिकारात बसत नाही. सबब सदतीस माघारपत्रे सोबत जोडली आहेत. अडतिसावे नाही, ते कृपया मागू नये. एक नळ आणि एक तक्रार आपल्या फॉर्ममध्ये बसावी. तरी नळ सुरू करण्याचा हुकूम व्हावा. पाणी पिवळे आले तरी चालेल, असे मी लिहिणार होतो. पण हा अर्ज ती मुलगी वाचून पाहणार आहे, म्हणून लिहीत नाही.

दिनांक : १४, सोमवार

पाचव्यांदा येण्याच्या तयारीत असलेला,
आपला नम्र,
(सही)
विज्ञान शिक्षक, इयत्ता सातवी

सोबत :
१) माघारपत्रे, नग सदतीस.
२) मूळ तक्रारीची प्रत, नग एक. शुद्धलेखनाची चूक नाही.
३) सील लागण्याच्या आदल्या दिवशी त्याच नळाखाली भरलेली बाटली. पाच आठवड्यांत गाळ खाली बसून वरचे पाणी स्वच्छ दिसू लागले आहे, तरी पाहण्यापूर्वी हलवावी.