शिंगाळ्याचा उपास

वाशी,
२८ नोव्हेंबर १९८३

ती. नानांना,
सुमेधाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर जरा थरथरतंय. डोळे तपासून घ्या, असं मी लिहिणार आणि तुम्ही "बघू" म्हणणार, तेव्हा राहू दे. इथे सगळं व्यवस्थित. अरविंदच्या आईंनी मार्गशीर्षातला मुहूर्त पक्का केला, हॉलही मिळाला. आमच्या सोसायटीत पाणी एकच वेळ येतं, पण येतं.

आता एका माशाची गोष्ट. हसू नका, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मुलीच्या पत्रात मासे यायचेच.

रविवारी बाजारात भागीरथी कोळिणीकडून शिंगाळा घेतला. मिशीवाला, तुम्हाला आवडतो तोच. तिने त्याचा जबडा उघडून दाखवला, तर आत करवंदाएवढाली अंडी गच्च भरलेली. "ताई, यो खादाड हाय," ती म्हणाली, "आपलीच पोरां खातय." आपल्या देवगडातही असंच म्हणतात ना?

मी तो शिजवला नाही. कॉलेजात नेऊन फाडला. या जातीवरचं नवं संशोधन आमच्या लायब्ररीत नुकतंच आलंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पोट अगदी रिकामं, आतडी आक्रसलेली. आणि अंडी सांभाळणारा तो नर होता. ते संशोधन वाचेपर्यंत मी मात्र त्याला आईच समजत होते! मादी अंडी घालून निघून जाते. हा ती तोंडात घेतो आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत, दीड-दोन महिने, काही खात नाही. नाकासमोरून भक्ष्य गेलं तरी तोंड उघडत नाही. अंगातली चरबी झिजवून जगतो. नाना, मला त्या टेबलापाशी हात जोडावेसे वाटले. आणि जग त्यालाच पिल्लं खाणारा म्हणतं.

दिवाळीनंतर आई आली होती.

हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, जमलं नाही. मी सहा वर्षांची असताना घर सोडून गेलेली आई दारात उभी होती. चहा घेतला. मग म्हणाली, "तुझ्या नानांनी मला घालवलं नाही. मीच दुसऱ्याचा हात धरून गेले. ते एवढंच म्हणाले, अशा बाईची मुलगी म्हणून पोरीला कुणी हिणवायला नको, मी काही बोलणार नाही."

आणि तुम्ही खरंच बोलला नाहीत. आईकडचे आजोबा आपल्या अंगणात येऊन तुम्हाला बायकोला छळणारा म्हणाले, त्यांच्यामागून सगळा गाव म्हणाला. तेव्हा मी तुमच्यापुढे बसले होते आणि तुम्ही माझी वेणी घालत होतात. तुमचा हात थांबला नव्हता, हे मला अजून आठवतं. तुमच्याएवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही लिहिलंय की कन्यादान काका-काकूंनी करावं, तुम्ही मागे बसाल, लोकांना बोलायला जागा नको. ते चालणार नाही. मी भटजींना विचारून आले. बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून एकट्याला पाटावर बसता येतं. आईचंही हेच म्हणणं आहे, ती स्वतः येणार नाही. अरविंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाना बसणार नसतील तर मीही बसत नाही." लोकांचं म्हणाल, तर त्यांना उत्तर मी देईन. मला बोलता येतं.

एक गोष्ट मात्र भटजींना न विचारताच ठरवली आहे. कन्यादान होईपर्यंत मुलीच्या बापाने उपाशी राहायचं असतं. तुम्ही राहायचं नाही. त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला समोर बसवून पोटभर जेवू घालीन आणि मगच बोहल्यावर चढेन. तुमचा उपास केव्हाच पुरा झाला आहे.

तुमची, आता चांगली पोहणारी,
सुमेधा