मामांनी आधी काय टाकलं

पिसा, ९ डिसेंबर १६६३

चि. जेरोनिमास बार्नाबादादाचे अनेक आशीर्वाद.

आज कोर्टात पाचवी तारीख पडली. एका न्यायाधीशांना पडसं झालं होतं. मागच्या खेपेला कारकून सासुरवाडीला गेला होता. गोर्गोना बेटापाशी वादळानं गाठलं तेव्हा मला कुणी तारीख दिली नव्हती. जहाज बुडू नये म्हणून निम्मा माल समुद्रात लोटला, उरलेला भिजला, एवढीच गोष्ट. पण व्यापारी म्हणतात, कप्तान घाबरला आणि आमचं वाटोळं केलं.

दर्यावरचा कायदा तू बाबांच्या तोंडून ऐकला आहेसच. व्यापारी जहाजावर असेल तर पहिली वस्तू त्यानं आपल्या हातानं टाकायची, मग नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. नाहीतर सगळं कप्तानाच्या बोडक्यावर. व्यापाऱ्यांपैकी आपले लाझारोमामा जहाजावर होते. पहिली वस्तू त्यांनीच टाकली, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि आता तेच भर कोर्टात सांगतात, मी काही टाकलं नाही. माझ्या खलाशांची साक्ष धरत नाहीत, ते माझं मीठ खातात म्हणे.

शिडं उतरवून कुलपात ठेवली आहेत. निकाल उलटा लागला तर जहाजाचा लिलाव होईल. बाबांनी जैतुनाची बाग विकून घेतलेलं जहाज! डोकं फिरायची वेळ आली आहे. घरच्यांना सांभाळ.

तुझा,
बार्नाबादादा


कामोली, २० डिसेंबर

ती. बार्नाबादादास जेरोनिमाचा सा. न. वि. वि.

मामांची अशी चीड आली की हातातली खारवलेली मासळी तशीच टाकून मामीकडे गेले. ती म्हणाली, मला तरी कुठे लिहितात ते. मी म्हणते, सख्ख्या भाच्याच्या गळ्यावर सुरी ठेवून हा माणूस चर्चमध्ये गुडघे कसे टेकतो? आईच्या मागे मला त्यांनीच सांभाळलं, म्हणून आजवर उलटून बोलले नाही.

आणि दादा, तिसऱ्यांदा विचारते. माझी लग्नाची पेटी लिव्होर्नोला सिल्वेस्त्रोच्या घरी पोचवलीस का? ईस्टरनंतर लग्न आहे आणि होणाऱ्या सासूबाईंची अजून पोच नाही. दर पत्रात वाऱ्यापावसाचं लिहितोस आणि तेवढं गाळतोस. कप्तान आहेस, हवामान कळतं तुला, मान्य. पेटीचं लिही.

लोभ आहेच, तो वाढावा असं वाटत असेल तर उत्तर लवकर धाडावे.

तुझी,
जेरोनिमा


पिसा, ४ जानेवारी १६६४

चि. जेरोनिमास आशीर्वाद.

लपवलं तेवढं पुरे झालं. मामांनी पहिली टाकली ती तुझी पेटी.

त्यांनी विकायला आणलेल्या कोऱ्या कागदाचे गठ्ठे अगदी हाताशी होते. ते वाचावेत म्हणून त्यांनी तुझी पेटी उचलली. मी सुकाणूवरून ओरडलो, पण तोवर ती गेली होती. कागद शेवटी भिजलेच, नुसता लगदा झाला. आता चारचौघांत कसं सांगायचं की स्वतःचा माल राखायला आईविना भाचीची पेटी बुडवली? ते त्यांच्याच्यानं होत नाही. मीही कोर्टात पेटीचं नाव काढलं नाही. तुझ्या आधी तुझ्या सासरी कळलं असतं. आणि तुला लिहायला बसलो की वाऱ्यापावसाचंच लिहून व्हायचं.

काय शिव्या द्यायच्या त्या दे. लोभ मागायला तोंड नाही.

बार्नाबादादा


कामोली, १६ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

शिव्या दोन दिवस मनातल्या मनात देऊन झाल्या. नऊ वर्षं शिवत होते रे मी. त्यातली पहिली तीन आईसोबत.

पेटी काही परत येत नाही. पण जहाज जाऊ द्यायचं नाही. पुढचं मामांसमोर मोठ्यानं वाच.

मामा, तुम्हाला लाज वाटते हे चांगलंच आहे, पण त्या लाजेपायी दादाचं जहाज घालवू नका. कोर्टात उभे राहा आणि पेटी टाकली म्हणून सांगा. सिल्वेस्त्रोला मी स्वतः कळवलं आहे, त्याची आई काय बोलायचं ते बोलेल. तुम्ही खरं सांगितलंत तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. नाही सांगितलंत तर माझ्या तोंडून मामा ही हाक पुन्हा ऐकणार नाही.

दोघांनी जेवत जावं.

जेरोनिमा


पिसा, ३ फेब्रुवारी

चि. जेरोनिमास खूप खूप आशीर्वाद.

सुटलं बाई जहाज! तुझं पत्र ऐकलं आणि सकाळी मामा माझ्याआधी कोर्टात हजर. पहिली पेटी मी टाकली म्हणाले. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाची. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, माझीच. कारकुनानं विचारलं, आत काय होतं. म्हणाले, जुनेर. तसं लिहून घेतलं, सह्या झाल्या. नुकसान सगळ्यांत वाटलं गेलं, शिडं परत मिळाली.

बाहेर आल्यावर मामा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पोरीचं नाव कुठे येऊ दिलं नाही, असं सारखं म्हणत होते. मलाही वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. येत्या आठवड्यात निघतो. तुला काय आणू?

भेटीअंती सविस्तर.

तुझा दादा


कामोली, १४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

जहाज सुटलं, देव पावला. विषय काढणार नाही म्हटलं होतं, पण काढते आहे.

मामांनी पेटी स्वतःची म्हटली, तेही एक वेळ चालवून घेते. पण जुनेर? बारा चादरी होत्या तिच्यात, चारी कडांना माझ्या हातची लेस. आठ अभ्रे होते. आईनं शेवटच्या दुखण्यात शिवायला घेतलेला सदरा होता. त्याची डावी बाही मी लावली, तिला तेवढं आयुष्य पुरलं नाही. त्यातलं एकही कापड कुणाच्या अंगाला लागलेलं नव्हतं. मामांना लाज होती, तुला कसली होती? शेजारी उभा होतास. तोंड उघडलं नाहीस, कारण जहाज सुटत होतं.

मला काही आणू नकोस. भरपाई येईल ती मामांनीच ठेवावी, पेटीवर नावही त्यांचंच राहू दे. तू परत कोर्टात जा. कारकुनाच्या पाया पड, पाहिजे तेवढ्या तारखा घे, पण तो शब्द खोड आणि मी वर लिहिलं आहे ते सगळं, सदऱ्याच्या बाहीसकट, लिहून घे. तोवर जहाज या किनाऱ्याला लावू नकोस.

इकडे सर्व ठीक आहे. लोभ अजून आहे, म्हणून एवढं लिहिलं.

तुझी,
जेरोनिमा