फाटकावरचं आर्केडिया

४ मार्च
नाक्याजवळच्या माळाला कुंपण झालं. कुणा शेठनं घेतला, फार्महाऊसचे प्लॉट पडणार. फाटकावर मोठी पाटी, इंग्रजीत ‘आर्केडिया’. खाली चित्र: हिरवंगार गवत, काठी टेकून उभा माणूस आणि पांढरीशुभ्र मेंढरं. इतकी धुतलेली मेंढरं जन्मात पाहिली नाहीत. आमची सगळी काळी, वर धुळीनं माखलेली.
तळ्याची वाट त्या माळातूनच जाते. आबा म्हणाले, “आता मेंढरं पाण्यावर कुठून न्यावी, पोरी?” वाशिम रोडनं न्यायचं तर ट्रकांच्या तोंडी. उन्हाळाभर दुसरं पाणी नाही.

६ मार्च
जेवताना आबा म्हणाले, “तू कॉलेजात इंग्रजी शिकवून राहिली. त्या पाटीवर काय लिव्हलंय, सांग की.”
मला तर हरखच झाला. सांगितलं, ग्रीस म्हणून देश आहे, त्यातला हा डोंगराळ मुलूख. फार जुना. तिथं मेंढपाळ राहायचे.
घास हातातच राहिला त्यांचा. “आपल्यावानी?”
“व्हय, आपल्यावानीच.”
“आन् त्येंच्या मुलखाचं नाव हितं लावलं?”
मी व्हय म्हणाले. माय म्हणाली, “शेठला कदर हाय म्हणायची.” आबांनी आणखी एक भाकर मागून घेतली.
पुढचं राहिलं. इंग्रजीत हा शब्द त्या मुलखासाठी क्वचितच येतो. शहरातल्या माणसाच्या मनातलं निवांत, हिरवं, कटकट नसलेलं खेडं, असा वापर. त्यात मेंढपाळ असतो तो शोभेपुरता. पण जेवत्या माणसाला काय सांगायचं हे? उद्या सांगू.

९ मार्च
पेपर तपासणी. सांगायचं राहिलंच.
आबा गावभर सांगत सुटलेत. चहाच्या टपरीवर, दळणाच्या गिरणीत. “धनगराच्या मुलखाचं नाव हाय ते. माझ्या लेकीनं सांगितलं.” लोक माझ्याकडं बघून हसतात. मीही हसते. आता सांगावं तर तोंड एवढंसं होईल त्यांचं.

११ मार्च
लिहवत नाही.
दुपारी कॉलेजात मायचा फोन. आवाज ओळखू येईना. आबांनी मेंढरं फाटकातून आत नेली. फाटक उघडं, वॉचमन जेवायला गेलेला. पाटीवर मेंढरं काढलीत, नाव आपलं, म्हणजे आपल्याला वाट ठेवली असणार. साधा विचार त्यांचा.
आत नव्या लॉनच्या कडेला सिमेंटचा हौद. मेंढरं तहानलेली, तोंडं घातली. माळ्यानं गवतासाठी त्यात युरिया कालवून ठेवला होता.
मी पोचले तर त्या लॉनवर पोटं फुगून पडलेली, तोंडाला फेस, पाय झाडून राहिलेली. आबा एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन चिंचेचं पाणी पाजत होते. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत निम्म्याहून जास्त गेली. मोरी पण गेली. सगळ्या कळपाच्या पुढं चालायची ती.
आबांनी मान वर केली. “आपलंच हाय म्हणली होतीस ना गं?”
रागानं नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

१२ मार्च
जेसीबीनं खड्डा खणला. त्याच जेसीबीनं प्लॉट पाडत होते.
घरात चूल पेटली नाही. शेजारणींनी पिठलं-भाकर आणून दिली, घरातलं माणूस गेल्यावर देतात तशी. घरी ठेवलेली कोकरं वाचली, ओरडून ओरडून घसा बसलाय त्यांचा. बाटलीनं पाजतो, पण तोंड फिरवतात. आया शोधतात.

१४ मार्च
शेठच्या मॅनेजरनं उलटी तक्रार दिली: आत घुसून लॉन खराब केलं. ठाण्यात जमादार म्हणाला, “काहून गेला आत, मामा? पाटी दिसली न्हाई?”
“दिसली की. वाचता येत न्हाई म्हणून लेकीला इचारलं.”
सगळ्यांच्या माना माझ्याकडं. मॅनेजर गोड बोलतो मेला. “मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या. ते फक्त नाव आहे हो. लोकांना छान वाटावं म्हणून.”
डोकं फुटेल असा संताप आला. पण शब्द त्यानं बरोबरच वापरला होता. वर्गात मी तसाच शिकवला असता.

१६ मार्च
आज आबांना सगळं सांगितलं. दुसरा अर्थ.
त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ओरडले, “मंग त्याच दिशी काहून न्हाई सांगितलं?”
“तुमी खुशीत होता, आबा.”
“खुशीत!” ताट सरकवून उठले. मायनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वाटलं, मला दोन मुस्काटात तरी द्याव्यात कुणी.

१७ मार्च
उरलेल्यांना घरूनच बादलीनं पाणी. हापसा धाप टाकून राहिलाय, किती दिवस पुरेल?
सरपंचांनी उद्या फाटकापाशी बैठक बोलावली. शेठ स्वतः येणार. तळ्याची वाट सोडायची का नाही, ते ठरेल. नाही सोडली तर उरलेली बाजारात न्यावी लागतील, आणि आबांना दुसरं काही येत नाही.
संध्याकाळी आबा मोरीच्या कोकराला बाटली लावून बसले होते. आज पहिल्यांदा प्यायलं ते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “उद्या तू पण चल. समद्यांपुढं त्या नावाचा अर्थ सांग.”
“कोणता, आबा?”
“पयला. दुसरा सांगायला त्येंची माणसं हायेत.”
मी व्हय म्हणाले. मॅनेजरपुढं तोंड उघडेल का, देव जाणे.