माझा स्कॉटिश कवी आणि आबांचं आजारपण

१२ जानेवारी
आज लिफ्टपाशी आमचे स्कॉटिश बॉस गॉर्डनसाहेब म्हणाले, पंचवीस तारखेच्या डिनरला ये. त्यांच्या महाकवीची जयंती असते, भाषणं होतात. म्हटलं, सर, मी त्याची कविता मराठीत वाचेन. 'लव्हली' म्हणाले. म्हणजे ठरलं!

१४ जानेवारी
कवीचं चरित्र वाचलं. शेतकऱ्याचा मुलगा, पोटासाठी जकातीत नोकरी. मीही शेतकऱ्याचा मुलगा, इथे आखातात हमद पोर्टला कस्टम्स क्लिअरन्स. काटा आला अंगावर. तो सदतिसाव्या वर्षी गेला, मी एकेचाळीस. एवढाच फरक.

१६ जानेवारी
नाशिकहून मच्छिंद्रचा फोन. आबा आयसीयूत. 'दादा, ये लवकर.' धाकटा लहानपणापासून घाबरट. बायकोने, अलकाने, न विचारता माझं विसाचं तिकीट काढलं.

१९ जानेवारी
चरित्रात सापडलं! कवीनेही परदेशी जायला जहाजात जागा घेतली होती. गेला नाही, म्हणून तर नाव झालं. तिकीट सव्वीसवर ढकललं. अलका बोलत नाही. एकाग्रतेला बरंच.

२१ जानेवारी
दोन कडवी तयार. ओवीला वाचून दाखवली. 'बाबा, इज इट सॅड ऑर फनी?' इंग्लिश मीडियम, दुसरं काय.

२३ जानेवारी
आबांनी मास्क काढायला लावून फोन घेतला. 'रंगा, जेवलास का?' म्हटलं, हो. मग त्यांना कवितेबद्दल सगळं सांगितलं. ऐकत होते. नंतर मच्छिंद्र म्हणाला, झोप लागली त्यांना मघाशीच.

२५ जानेवारी, सकाळ
आबा गेले.
मच्छिंद्रला म्हटलं, उद्या पोचतोय, थांबा. म्हणाला, 'नाही थांबता येत, दादा. अग्नी मीच देतो.' अलका ओवीला घेऊन दुपारच्या विमानाने निघाली. मला चल म्हणालीसुद्धा नाही. पण आता आज जाऊन तरी काय हाती लागणार? आबांना माझा अभिमानच वाटला असता.

२६ जानेवारी
काल डिनरच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं. भाषणांनंतर गॉर्डनसाहेबांना आठवण करून दिली. 'सॉरी, कसली कविता?' म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, 'फॅमिली ठीक ना?' म्हटलं, ऑल फाइन, सर.

विमानतळावरून मच्छिंद्रला फोन केला. म्हटलं, निघालोय.
'सावकाश ये, दादा,' म्हणाला. 'आता काही घाई नाही.'