गाडीत बसण्याआधी

बाबा, गाडी अजून तीच आहे. बायको म्हणते, विका आता. मी विकत नाही, आणि का ते तिला सांगता येत नाही. मागच्या शीटवर तुम्ही बसलेले असता. घाटंजीच्या बाजारातून एकटा परततो तेव्हा आरशात बघायचं टाळतो, आणि थंडीतही तुमच्या बाजूची काच चार बोटं खाली ठेवतो. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

घेतली तेव्हा केवढा मिरवलो होतो मी. यवतमाळला नोकरीवर जायला हीच, पोरांना घेऊन लग्नाकार्याला हीच, आणि गाडीचं पोट जमिनीपासून उंच म्हणून पांदणीच्या चिखलवाटेनं थेट आपल्या शेताच्या धुऱ्यापर्यंतही हीच. तुम्ही मात्र दर वेळी चपला हातात घेऊन बसायचे. "चिखल हाय पायाले," म्हणायचे. मी कधी "राहू द्या" म्हटलं नाही. बरंच वाटायचं मला ते.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर घेऊन तुम्ही फवारत होता आणि औषध तुमच्याच तोंडावर पडत होतं. मी पोचलो तर तुम्ही धुऱ्यावर बसलेले, ओकाऱ्या झालेल्या, सदरा औषधानं चिंब. मी गाडीचं दार उघडतो. तुम्ही उठत नाही. "वास लागन गाडीले. बैलबंडी जुंपाले सांग," म्हणता. मी म्हणतो, "थांबा, पाणी आणतो." लाईट नाही, मोटार बंद. विहिरीतून बादली बादली शेंदून मी तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत धुतो, सदरा काढून फेकतो, गाडी पुसायच्या फडक्यानं अंग कोरडं करतो. अर्धा तास तरी जातो. तुम्ही थरथरत विचारता, "झालं का बे? डोयाले दिसून नाही राह्यलं."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अंग धुऊन आणलं, फार चांगलं केलं." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, पण डॉक्टरांचं ते वाक्य गावभर झालं. आता दर फवारणीच्या आधी मला ग्रामपंचायतीत बोलावतात. सरपंच पोरांना सांगतात, "यानं बापाचं केलं तसं करा. आंधी अंग धुवा, मंग दवाखाना." मीही उभा राहून समजावतो, कपडे काढा, भरपूर पाणी ओता. दोघं वाचलेसुद्धा त्यानं. त्यांच्या घरची माणसं माझ्या पाया पडतात, आणि मी पडू देतो.

हा कागद घरात ठेवता येणार नाही, फाडूनच टाकीन. औषध कातडीतून अंगात उतरतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, बाबा. मी तुम्हाला शीटसाठी धुतलं.