केसरकाकी, उंबरठा काढलाय

तीर्थरूप केसरकाकीस,

निकेशचा साष्टांग नमस्कार. (खरोखर घालायला गेलो तर परत उठवायला माणूस लागतो, म्हणून कागदावरच घालतोय. गोड मानून घे.) अलिबागला आम्ही सगळे ठीक. तुझी साखर किती आली, औषधं वेळेवर घेतेस का, वाडीतल्या सुपाऱ्या उतरवून झाल्या का, आणि तुझी सून भाविका भाकऱ्या थापायला बसली की अजून तिच्या मागे खुर्ची लावून सूचना देतेस का, ते सविस्तर कळव. पत्र बघून दचकू नको, कुणी गेलेलं नाही. फोनवर मी 'कलादालन' हा शब्द काढला की तुझ्याकडची रेंज जाते, आणि सुरमईचा भाव विचारला की लगेच परत येते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझा राग मला मान्य आहे. रावजीकाकांनी काढलेलं चित्र तू स्वतःच्या हातांनी जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या विद्यापीठाला दिलंस, आणि ते भिंतीवर लागल्यापासून एकट्या तुलाच ते बघता आलेलं नाही, कारण आमच्या दालनाला सात पायऱ्या आणि तुझी चाकांची खुर्ची. मागे आलीस तेव्हा चार शिपायांनी तुला खुर्चीसकट उचललं, मधल्या पायरीवर एकाची चप्पल सुटली, आणि नेमका त्याच क्षणी आमच्या जनसंपर्कवाल्याने फोटो काढून 'संवेदनशील विद्यापीठ' या मथळ्याखाली वार्तापत्रात छापला. (फोटोत तुझं तोंड उघडं आहे. तू काय म्हणत होतीस ते ज्यांनी ऐकलं ते अजून सांगायला लाजतात.) खाली ठेवायला लावून तू म्हणालीस, "मी देव न्हाय, मला पालखी नको. माझी मी आत जाईन तेव्हाच येईन." आणि गाडी वळवून तडक दिवेआगर. तेव्हापासून अंगणाबाहेरही पडत नाहीस असं भाविका सांगते, आणि ते काही मला बरं वाटत नाही. म्हणून आता जे सांगतो ते नीट बसून वाच. (बसलेलीच असतेस, कळतंय मला. चिडू नको.)

तुझं ते वाक्य मी साहेबांच्या कानावर घातलं. (मी या दालनाचा प्रभारी आहे, हे तू विसरली असशील. परीक्षा विभागातून माझी इथे बदली झाली तेव्हा सगळ्यांनी सांत्वन केलं होतं.) आमच्या कुलसचिवांनी मनावर घेतलं आणि पायऱ्यांच्या शेजारी रॅम्प बांधायला काढला. होडी किनाऱ्यावर ओढून घेतात ना, तसा खडा. पहिली चाचणी आपणच देणार म्हणून साहेब स्वतः खुर्चीत बसले, दोन शिपायांनी मागून रेटलं, आणि अर्ध्यावर पोचतात न पोचतात तोच खालून कुलगुरूंची स्वारी गेली. शिपाई शिस्तीचे. दोघांनीही हात सोडून सलाम ठोकला. साहेब उलटे खाली आले आणि जास्वंदीत गेले, पण चेहऱ्यावरचं समारंभाचं हसू त्यांनी शेवटपर्यंत ढळू दिलं नाही. माणूस मोठा आहे, मी उगाच म्हणत नाही.

हे सगळं मुरुडची लाइबा खालून बघत होती. एम.ए.ला कलेचा इतिहास शिकते, लहानपणापासून चाकांच्या खुर्चीवर आहे, आणि खुर्चीला ब्रेक असला तरी जिभेला नाही. ती म्हणाली, "सर, माशाल्ला छान घसरगुंडी बांधलीत. आता रॅम्प कधी बांधताय?" मग तिने समजावलं, की एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. काकी, एवढी शिकलेली मंडळी आम्ही, आणि हे कुणाच्या गावीही नव्हतं. आम्ही आपले गुडघ्याच्या हिशोबाने जगणारे. मग दुसरा रॅम्प झाला. तो फाटकापासून निघतो, सोनचाफ्याला वळसा घालतो, मधे जरा थांबायला सपाट जागा देतो, आणि असा अलगद वर नेऊन सोडतो की चढलो हे कळतसुद्धा नाही. मी दिवसातून दोनचारदा काम नसताना त्याच्यावरून वरखाली करतो. बांधला तो चाकांच्या खुर्चीसाठी, पण आता तिथून चहाची ढकलगाडी येते, दिवस भरत आलेल्या एक प्राध्यापिका येतात, शाळेच्या सहलीत नातवंडांबरोबर आलेले आजोबा येतात. आमचे एक जुने प्राध्यापक आधुनिक चित्रकलेत काही राम नाही म्हणून इतकी वर्षं आत फिरकले नव्हते, ते हल्ली रोज येऊन बसतात. त्यांचे गुडघे दुखत होते, एवढंच होतं ते. मला हे बघून भरून येतं. हसू नको.

तर रॅम्प तयार झाला. लाइबा वर गेली आणि दारात खट्कन अडकली. बघतो तर उंबरठा. चांगला चार बोटं उंच, काळ्या दगडाचा, घडवलेला. आमचा गवंडी हिराजी रोह्याकडचा, हात सोन्याचा. त्याने रॅम्प मापाप्रमाणे केला आणि रॅम्पसाठी पाडलेल्या नव्या दाराला उंबरठा नाही हे त्याच्या जिवाला सोसेना, म्हणून पदरचा दगड आणून बसवला. वर त्याच्या बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं. आता काढणार कोण? अभियंते म्हणाले आमच्या नकाशात उंबरठाच नाही, तर नसलेली वस्तू आम्ही काढायची कशी. कुलगुरू स्वतः उजवा पाय पुढे टाकून तो ओलांडून गेले आणि जाताना नकळत नमस्कार करून गेले, त्यामुळे तर तो पक्काच झाला. लाइबा रोज त्याच्यासमोर येऊन थांबायची आणि घड्याळ बघायची. शेवटी आमच्या कला विभागाच्या फरिदा मॅडमनी हिराजीला जवळ बसवून विचारलं, की उंबरठा असायला हवा, पण तो उंच असायला हवा असं कुठे आहे? हिराजीने दोन बिड्या ओढल्या आणि कबूल झाला. आता दारात जमिनीला सपाट अशी पितळेची पट्टी आहे, हळदकुंकू तिलाही लागतं, आणि चाकं तिच्यावरून जातात. राहिला दगड. पूजा झालेला दगड टाकायचा नाही, म्हणून तो हिराजीने कुलसचिवांच्या केबिनला बसवून दिला. साहेब रोज ठेचकाळतात. त्यांच्याकडे लक्ष्मी यायला लागली की नाही, हे विचारायची माझी हिंमत नाही.

आत आल्यावर तरी लाइबा खूश होईल असं मला वाटलं होतं. ती प्रत्येक चित्रासमोर थांबली आणि म्हणाली, "सर, मला सगळीकडे एकच चित्र दिसतंय, ट्यूबलाइटचं." मी हसलो. तिने तिची जादाची खुर्ची मागवली आणि मला तीत बसायला लावलं. खरंच गं काकी, काचेवर दिव्याची पट्टी, खाली लाकडी चौकट, बस्स. उंच आणि उभ्या माणसाने उंच आणि उभ्या माणसासाठी टांगलेली चित्रं. मग आम्ही सगळी खाली घेतली आणि दिवे फिरवले. कुलसचिव म्हणाले, उभ्या लोकांना वाकावं लागेल. कुलगुरू बघायला आले, वाकले, त्यांची कंबर धरली, त्यांना खुर्ची दिली, आणि ते जे बसले ते दुपारची बैठक बुडाली तरी उठेनात. आता दालनात सगळ्यांसाठीच खुर्च्या ठेवल्यात. अंधांसाठी फरिदा मॅडम काथ्या, वाळू आणि डिंक घेऊन बोटांनी चाचपायच्या प्रती करतायत. त्यांची पहिली प्रत आपल्या काकांच्या चित्राची आहे.

त्या चित्राबद्दल सांगतो. इतकी वर्षं मी रोज त्याची चौकट पुसली. मला विचारलंस तर वर आभाळ, मधे समुद्र, लांब एक होडी, नाव 'ओहोटी'. झालं. चित्र खाली आल्यावर लाइबाच्या खुर्चीत बसून मी त्याच्याकडे पहिल्यांदा बघितलं, काकी. अर्धं चित्र नुसती ओली वाळू आहे. पाण्याच्या कडेपासून कुणाची तरी पावलं उमटत येतात, लांबची इवलीशी, मग मोठी, मग आणखी मोठी, प्रत्येक पावलात थोडं पाणी आणि त्या पाण्यात आभाळ. शेवटची दोन अगदी चौकटीला टेकलेली. चालणारं माणूस चित्रात नाही, ते आपल्यापर्यंत येऊन पोचलेलं आहे. मी जागा द्यायला खुर्ची मागे घेतली, आईशप्पथ. काका वाळूत फतकल मारून चित्र काढायचे हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक, आणि तरी आम्ही ते टांगलं कुठे, तर छताशी. मी तिथे किती वेळ होतो कोण जाणे. लाइबाने तिची खुर्ची परत मागितली तेव्हा डोळे पुसून उठलो.

तर असं आहे सगळं. औषधं घे, भाविकाला जरा मोकळं सोड, आणि वाडीतल्या मंडळींना माझा नमस्कार सांग.

तुझा पुतण्या,
निकेश

ता.क. उद्घाटन गुरुवारी आहे, पण तू गुरुवारी येऊ नको. मंत्री येणार म्हणून रॅम्पवर लाल गालिचा आणि दोन्ही बाजूंना झेंडूच्या कुंड्या ठेवल्यात, सपाट जागेवर लाउडस्पीकर उभा केलाय, आणि त्या दिवशी अपंग पाहुण्यांना मागच्या दाराने उचलून न्यायचं ठरलंय. लाइबा कुलगुरूंशी भांडतेय आणि ती जिंकेल अशी माझी खात्री आहे, पण तू त्यानंतरच्या मंगळवारी ये. कुणी हात लावणार नाही. चारही शिपायांना मी त्या दिवशी रजा दिलीय. मी स्वतः आत बसून राहीन, तुला घ्यायला बाहेरसुद्धा येणार नाही.

आणखी एक ता.क. हे फोनवर सांगणार होतो, पण रेंज. वाळूतली पावलं प्रतीवर उठवताना फरिदा मॅडमनी मला विचारलं, की प्रत्येक डाव्या पावलाची करंगळी वाळूला टेकलेली का नाही, काका चुकले का? मी म्हटलं काका चुकत नसत. मग मला आठवलं, डावा पाय काढला त्या ऑपरेशननंतर तू दवाखान्यात म्हणाली होतीस, की डाव्या पायाने एवढी वर्षं चालवलं पण त्याचा एक फोटो न्हाय कुणाकडे. काकी, लहानपणी मी तुझे पाय चेपलेत, पण तेव्हा माझं लक्ष चार आण्यांकडे होतं, करंगळीकडे नव्हतं. आता ओळखणारी तू एकटीच उरलीस. येऊन बघ आणि सांग, तो पाय तुझाच ना? दुसऱ्या कुणाचा निघाला तर फक्त माझ्या कानात सांग. आपण दोघं तिथेच बसून काकांवर रागावू.