तिसऱ्या गोलरक्षकाच्या खुर्चीबाबत

मी, इस्मो ताक्काला, वय पंचावन्न, धंदा स्केट्सना धार लावण्याचा, राहणार ओरिवेसी, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. आज हे सिद्ध करणं सोपं नाही. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी माझी कॉफी दिवसाला दोन कपांवर आणली आहे. दोन कप! एवढी तर आमच्याकडे माणसं मोजे चढवताना पितात. मंगळवारी माझी छाती उघडणार आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचं काम त्याने करावं. पण माणसाला कॉफीवाचून मृत्युपत्र लिहायला बसवणं हा अन्याय आहे आणि तो सर्वांत आधी नोंदला जावा. बाकी हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी आई, आणि ती सध्या स्वर्गात कोणालातरी पाय पुसून आत यायला सांगत असेल.

कलम १. घर, अंगणातला सौना म्हणजे लाकडांवर तापणारी आमची वाफेची खोली, तळ्याकाठची बोट आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी सान्नी हिला. यातली अट कलम ४ मध्ये आहे. तिच्या आईने तिचा वाटा ओउलूला जाताना नेला, त्यात चांगली कढईही गेली. तो विषय संपला आहे. कढईचा संपलेला नाही.

कलम २. धार लावायचं यंत्र गावच्या आइस हॉलला. त्यावर कोणाच्याही स्केट्सना फुकट धार लावू नये. विशेषतः कोणी स्वतःला 'राष्ट्रीय खेळाडू' म्हणवत असेल तर त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्यावेत.

कलम ३. माझा शेजारी यार्मो कौप्पिला याला मी काहीही ठेवत नाही. कारण द्यायला कायदा सांगत नाही, पण मला द्यायचं आहे.

यार्मो आणि मी एकाच आइस हॉकी क्लबचे गोलरक्षक होतो. मी पहिला, तो दुसरा. हे पुन्हा लिहितो: मी पहिला. तीस वर्षांपूर्वीच्या वसंतात जागतिक स्पर्धेसाठी देशाला तिसरा गोलरक्षक हवा होता. शनिवारी संध्याकाळी प्रशिक्षकाचा फोन आमच्या घरी आला. आईने उचलला.

"इस्मो आहे का?"

"सौनात आहे."

"कधी गेला?"

"आत्ताच."

"मग राहू द्या."

"हो, राहू द्या."

दोघंही याच देशात वाढलेली, त्यामुळे दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. शनिवारच्या सौनातून माणसाला बाहेर काढायचं का, हे घराला आग लागली तरी आमच्याकडे आधी दोनदा विचार करून ठरवतात. पण प्रशिक्षकाला जेवणाआधी नावं कळवायची होती. त्याने पुढचा नंबर फिरवला. तो कुंपणापलीकडे वाजला. यार्मोने पहिल्याच घंटेला उचलला.

मी लालबुंद होऊन बाहेर आलो तेव्हा आईने माझ्यासमोर भाजलेलं सॉसेज ठेवलं. "संघाचा कोणीतरी माणूस होता रे."

"कुठल्या संघाचा?"

"देशाच्या म्हणाला. मोहरी घे."

यार्मो स्पर्धेला गेला आणि एक मिनिटही बर्फावर उतरला नाही. तिसरा गोलरक्षक खेळत नसतो. सामन्याच्या दिवशी तो कोट घालून स्टँडमध्ये बसतो. यार्मो बसला. बसून परत आला. तेव्हापासून आइस हॉलच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, छातीवर देशाच्या संघाचा सिंह, चेहरा हरवलेलं मेंढरू सापडल्यासारखा. कॅन्टीनमध्ये त्याला दालचिनीचा पाव फुकट. उन्हाळी जत्रेत फीत त्याने कापायची. मी तीस वर्षं एका माणसाच्या बसण्यावर जळत आलो आहे. त्याच्या खेळावर जळलो असतो तर निदान लोकांना सांगता आलं असतं.

आता सान्नी. ती गोलरक्षक झाली, ठीक. रक्त माझं आहे. पण शिकायला ती कुंपण ओलांडून यार्मोकडे गेली, कारण मी म्हणे ओरडतो. गेल्या शनिवारी ती आमच्या सौनात होती, मी स्वयंपाकघरात. आणि अचानक कुंपणापलीकडून यार्मोची आरोळी ऐकू आली. माझ्या मुलीची महिला राष्ट्रीय संघात निवड झाली, ही बातमी मला शेजाऱ्याच्या घशातून कळली! तिने पहिला फोन त्याला केला होता. सौनातून. प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल घालून दाराशी खिळ्याला टांगायचा, हे तिला कोणी शिकवलं ते विचारायची मला गरज पडली नाही.

यार्मो धावतच आला. "मीच सांगितलं होतं तिला, फोन आत ने. बापासारखं करू नकोस."

"तुझं नशीब होतं, म्हणून तू फोनपाशी होतास."

"नशीब कसलं, इस्म्या? त्या शनिवारी तुमची लाकडं ओली होती. सकाळी तुझी आई आमची सुकी टोपलीभर घेऊन गेली. आमचा सौना गार पडला, म्हणून मी फोनपाशी मासिक वाचत बसलो होतो. तू आमच्याच लाकडांवर शेकत होतास बाबा." मग माझ्या ताटातलं सॉसेज उचलून म्हणाला, "टोपली परत आली नाही ती नाहीच."

आई हे कधी बोलली नव्हती. तेवढ्यात सान्नी केस पुसत आली.

"मी कळवते त्यांना, येत नाही म्हणून."

"काय?"

"तिसरी आहे मी, बाबा. तिसरी खेळत नाही. स्टँडमध्ये बसायचं त्यापेक्षा हॉस्पिटलात तुझ्याशेजारी बसते."

मी यार्मोकडे पाहिलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने सॉसेज खाली ठेवलं.

"पोरी, रोज सकाळी सरावाला सगळ्यांचे फटके तिसराच अंगावर घेतो," तो म्हणाला. "पहिल्या दोघांना जपायचं असतं. शेवटचा माणूस बर्फावरून जाईपर्यंत तो उभा असतो. माझ्या बरगड्या अजून हवा बदलली की सांगतात. कोट घालून बसायचं ते त्यानंतर."

तीस वर्षांत मी त्याला हे विचारलं नव्हतं. तो बसला, एवढंच मी धरून ठेवलं होतं.

कलम ४. म्हणून अट. माझ्या आजारपणासाठी, शस्त्रक्रियेसाठी किंवा अंत्यविधीसाठी सान्नीने संघ सोडू नये. सोडला तर कायद्याने तिचा जो अर्धा वाटा मला काढता येत नाही तेवढाच तिला मिळेल, आणि उरलेला अर्धा राष्ट्रीय निवड समितीला जाईल. त्या लोकांना माझी बोट वल्हवताना बघायची तिची तयारी असेल तर तिने खुशाल संघ सोडून यावं. सान्नी, त्या खुर्चीचा हेवा तुझ्या बापाने अर्धं आयुष्य केला आहे. ती खुर्ची फालतू असती तर मी एवढा मूर्ख नसतो. जा आणि बस. स्पर्धा चालू असताना मी गेलोच, तर मार्च आहे, बाहेर अजून बर्फ आहे, मी खराब होणार नाही. थांबेन.

कलम ५. अंत्यविधीला कॉफी कडक असावी आणि कपांची मर्यादा नसावी. डॉक्टरीणबाईंना बोलवावं.

हे माझ्या हाताने लिहिलं, वाचलं आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. यार्मोला साक्षीदार मुद्दाम केलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. "वाचू का?" असं त्याने विचारलं. साक्षीदाराने सही बघायची असते, मजकूर नाही, असं मी त्याला सांगितलं. "माझ्याबद्दल वाईट लिहिलंयस ना?" म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

इस्मो ताक्काला (सही)

साक्षीदार: यार्मो कौप्पिला, निवृत्त सुतार (सही)
साक्षीदार: रित्वा सालोमा, आइस हॉलचं कॅन्टीन (सही)

ओरिवेसी, मार्च महिन्यातला दुसरा शनिवार

मागच्या बाजूला, साक्षीदार गेल्यावर: वरील कायद्यामुळे यार्मोला या कागदाने काही देता येत नाही. तो रित्वाला सोडायला हॉलकडे गेला तेव्हा मी कुंपण ओलांडून त्याच्या सौनाच्या दाराशी भूर्जाची लाकडं ठेवून आलो. सुकी आहेत, काठोकाठ भरली आहेत. टोपलीही त्याचीच आहे.